बांडीचं दूध

आमच्या घरात सगळ्यात निरोगी कोण, असं कुणी मला विचारलं असतं, तर मी सरळ तांबडीकडे बोट दाखवलं असतं. माझे गुडघे गेलेले. ह्यांना संध्याकाळ झाली की कणकण येते, कंबर धरते आणि सकाळी सदरा घामाने ओला. मुलगा दुधाची गाडी चालवतो, तो आठवड्यातून दोनदा घरी येतो आणि आला की आडवा पडतो. सुनेला सहावा महिना, तिच्या तोंडाला चव नाही. आणि तांबडी बघावी तर पाठ तुकतुकीत, डोळे पाणीदार, गव्हाणीत टाकलेली काडी शिल्लक ठेवायची नाही. धार काढताना माझे पंजे भरून यायचे, पण तिचा पान्हा काही आटायचा नाही. त्या तांबडीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग आहे.

जनावरांच्या दवाखान्यात ही बाई नवीनच आलेली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस घट्ट बांधलेले, वय माझ्या सुनेएवढं. भागातल्या बऱ्याच गायींनी गाभ टाकले म्हणून दूध केंद्राने सगळ्यांच्या जनावरांची तपासणी लावली होती. पंधरा दिवसांपूर्वी बाई तांबडीचं रक्त घेऊन गेल्या होत्या. आमची दुसरी गाय, बांडी, त्या दिवशी रानात होती, तिचं राहिलं.

"हिच्या रक्तात आलंय," बाई कागद दाखवत म्हणाल्या. "हिने मागे सातव्या महिन्यात वासरू टाकलं होतं ना?"

"दीड वर्ष झालं त्याला," हे म्हणाले. "पाय घसरला होता तिचा. त्यानंतर नीट व्यालीये. ते काय वासरू, तुमच्या समोर उड्या मारतंय."

"हा रोग असाच असतो, काका. एकदा गाभ टाकते, मग वरून काही दिसत नाही. पण दुधातून जातो, व्याल्यावर पडते त्या वारेतून जातो. दुसऱ्या जनावराला होतो, माणसालाही होतो. तुम्हाला ताप येतो का, संध्याकाळचा?"

"मला काही होत नाही," हे म्हणाले. भर उन्हात अंगावर घोंगडी घेऊन उभे होते, आणि म्हणे काही होत नाही. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायची मला सवय नाही, एकटे असतो तेव्हा मात्र सोडत नाही.

बाईंचं लक्ष दाराकडे गेलं. सून उंबऱ्यावर बसून धान्य निवडत होती. "हिचं पहिलंच का?"

"दुसरं," मी म्हटलं. "पहिलं पाचव्यात गेलं. भरला हंडा उचलला पोरीने, कुणाला न सांगता. विहिरीच्या पायऱ्या चढली तो घेऊन."

सुनेने मान वर केली नाही. सुपातला खडा वेचला आणि बाजूला टाकला.

"कधीची गोष्ट?" बाईंनी विचारलं. "तांबडीने वासरू टाकलं त्याच्या आधी की नंतर? ते वासरू तेव्हा कुणी उचललं होतं?"

"वासरू कुणी उचललं, हंडा कुणी उचलला, आता घरातल्या चौकशा सुरू का?" हे भडकलेच. "मला एक सांगा. हिला रोग आहे हे नक्की ना? शंभर टक्के?"

बाई जरा थांबल्या. तिथेच त्या चुकल्या. "शंभर टक्के कुठलीच तपासणी नसते. बहुतेक आहे. तुम्हाला शंका असेल तर अजून एकदा बघू. ही बाटली ठेवा, उद्या सकाळच्या धारेचं दूध भरून केंद्रावर द्या. तोवर हिला वेगळी बांधा. कुठलंही दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि हिला विकू नका."

त्या गेल्या तसे हे माझ्याकडे वळले. "बघितलंस? तिला स्वतःलाच माहीत नाही. बहुतेक म्हणे."

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. आमचा बाजारातला दलाल गायीच्या शेपटीला नुसता हात लावतो आणि ठणकावून सांगतो, अमुक महिन्यात विईल, कालवड होईल. निम्म्या वेळा तो चुकतो. पण सांगताना कधी 'बहुतेक' म्हणत नाही.

ह्यांचा दवाखान्यावरचा राग जुना आहे. तीन वर्षांपूर्वी आमची काळी गेली, तेव्हापासूनचा. तेव्हा दुसरे डॉक्टर होते. त्यांनी सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी काळीने पाय ताणले. हे सगळ्यांना सांगतात, सकाळी मस्त रवंथ करत होती, सुई दिली आणि संपली. आधी एवढंच सांगायचे. मग त्यात भर पडली की सुईचं औषध जुनं होतं. मग अशी की डॉक्टरचा हात थरथरत होता. आता तर ते सांगतात की काळीने डॉक्टरला बघून मान फिरवली होती, तिला कळलं होतं म्हणे.

मला आठवतं ते वेगळं. काळीने चार दिवस काडीला तोंड लावलं नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं. मी दोनदा म्हटलं डॉक्टरला बोलवा, हे म्हणाले, होईल बरी. चौथ्या दिवशी बोलावलं तेव्हा ती उठतही नव्हती. पण इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून ती रवंथाची गोष्ट ऐकून ऐकून आता मलाही कधी कधी काळी रवंथ करताना दिसते. काय खरं, काय खोटं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चरवी घेऊन तांबडीखाली बसले, तर हे बाटली घेऊन मागे उभे.

"ह्यात बांडीचं भर."

"म्हणजे?"

"अगं, बांडीला काय झालंय? काही नाही. कधी गाभ टाकला नाही, कधी लंगडली नाही. तिचं दूध तांबडीचं म्हणून द्यायचं. त्यांनी सांगितलं रोग आहे, तर त्यांचं तपासायचं यंत्र खोटं. सांगितलं रोग नाही, तर तांबडी सुटली. दोन्हीकडून आपलंच."

मला हसू फुटलं. ह्यांचं डोकं असल्या गोष्टीत बरं चालतं. मी उठले, बांडीखाली बसले, तिचे सड धुतले आणि पहिल्या चार धारा बाजूला टाकून बाटली भरली. झाकण लावताना मला शाळेत गुरुजींच्या खुर्चीला डिंक लावल्यासारखं वाटत होतं. बाटली ह्यांनी स्वतः केंद्रावर नेऊन दिली.

त्याच बांडीच्या दुधाचा एक पेला मग मी नेहमीसारखा सुनेसमोर धरला. धारोष्ण, फेसासकट. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी तसंच प्यायले होते. तांबडीचं दूध दाट, गरोदर बाईला जड जातं, म्हणून सुनेला बांडीचं. बाई म्हणाल्या होत्या उकळा, पण उकळलं की त्यातलं बळ जातं असं माझ्या आईपासून ऐकत आलेले, आणि बाई तर अजून बहुतेकवरच अडकलेल्या.

"आई, वास येतो," सून म्हणाली.

"नाक दाब आणि पी. मागच्या वेळेसारखं व्हायला नको."

ती प्यायली.

आठवडाभर आमचं नेहमीचं चाललं होतं. शेण काढायचं, गोठा धुवायचा, बांधावरचं गवत कापून आणायचं. विळ्याची मूठ सैल झाली होती, तिला चिंधी गुंडाळून मी काम रेटत होते. तांबडीला आम्ही वेगळी बांधली नाही. केंद्राने तिचं दूध घ्यायचं थांबवलं होतं, ते आम्ही वासराला पाजत होतो. ह्यांचा ताप संध्याकाळी येतच होता. तिसऱ्या दिवशी त्यांना कुदळ उचलवेना. दलालाने त्यांना सांगितलं, हवा बदललीये. गेले चार महिने हवा बदलतच होती.

आठव्या दिवशी मी आणि हे केंद्रावर दूध घालायला गेलो, तर बाई तिथेच उभ्या. रांगेत वीसेक माणसं, कॅन, सायकली. बाईंनी ह्यांना बाजूला यायला खुणावलं, पण हे हलले नाहीत.

"इथेच सांगा ना. सगळ्यांना कळू दे."

"दुसऱ्या तपासणीतही रोग आलाय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"तांबडीच्या दुधात?"

"हो."

ह्यांनी रांगेकडे तोंड केलं. महिनाभरात मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. "ऐकलंत? तांबडीच्या दुधात रोग आला म्हणे. आणि मी ह्यांना तांबडीचं दूध दिलंच नव्हतं. थेंबभरसुद्धा नाही."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दलाल पहिला हसला, मग सगळी रांगच. केंद्रावरच्या मापाच्या माणसाने तर कपाळावर हात मारून घेतला. कुणी म्हणालं, आता विहिरीचं पाणी भरून द्या, त्यातही निघेल. दुसरा म्हणाला, बाई, माझ्या सायकलचंही रक्त घ्या, सारखी पंक्चर होते. मीही हसले. पदर तोंडाला लावून, पोट दुखेपर्यंत हसले.

बाई लाल झाल्या. बूट शेणात, हातात तो कागद. मग त्यांनी फक्त विचारलं, "मग दूध कुणाचं होतं?"

"ते तुमचं यंत्र सांगेल की," हे म्हणाले.

"काका, हसा हवं तेवढं. पण ज्या गायीचं होतं तिलाही रोग आहे. तिचं दूध घरात कोण पितं?"

"झालं," दलाल म्हणाला. "एक गाय सुटली तर दुसरी धरली. जिचं द्याल तिला रोग."

पुन्हा हशा. बाई गाडीला किक मारत राहिल्या, ती चार वेळा चालू झाली नाही, पाचव्यांदा झाली. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. मला त्या शिट्टीचं वाईट वाटलं, पण तेवढंच.

संध्याकाळी धार काढून पेला भरला. सून चुलीपाशी बसली होती. मी पेला पुढे केला आणि माझा हात तिथेच राहिला.

दूध घरात कोण पितं?

"काय झालं आई?"

"माशी पडली," मी म्हटलं आणि पेला मोरीत ओतला. सून बघतच राहिली. माशी पडलेलं दूधही मी कधी ओतलेलं नाही, माशी काढून टाकणारी बाई मी.

त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्याचा नुसता गुंता झाला. यंत्र खोटं, हे आम्ही सिद्ध केलं होतं. साऱ्या रांगेसमोर केलं होतं. पण यंत्र खोटं कशावरून? बांडी निरोगी आहे म्हणून. आणि बांडी निरोगी कशावरून? आम्ही म्हणतो म्हणून. मी हे दोन-तीनदा मनात फिरवून बघितलं, दर वेळी तिथेच येऊन अडकले. मग आठवलं, बांडी सहा महिन्यांपूर्वी व्याली तेव्हा तिची वार दोन दिवस पडली नव्हती. वासरू मरतुकडं होतं, आठवड्यात गेलं. तेव्हा आम्ही शिळ्या चाऱ्यावर ढकललं. चारा शिळा होता का? होता बहुतेक. बघा, मीही बहुतेक म्हणायला लागले.

ह्यांना म्हटलं, "अहो, बांडीची वार अडकली होती ना हो?"

"कधी?"

"ती व्याली तेव्हा."

"काहीतरीच. अर्ध्या तासात पडली होती. मी स्वतः पुरली."

तिसऱ्या दिवशी पुरली होती. वास सुटला होता म्हणून मी नाकाला पदर लावून खड्डा दाखवला होता. पण ह्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, आपण तांबडीची आठवण बांडीला चिकटवतोय की काय.

आता खरं ते सांगते, अर्धंच सांगून काय उपयोग. यंत्र खोटं निघावं असं ह्यांना वाटत होतं ते काळीमुळे. मला वाटत होतं ते दुसऱ्याच कारणाने. दीड वर्षापूर्वी तांबडीने वासरू टाकलं ते मी उचललं नव्हतं. मी सुनेला उचलायला लावलं होतं. घरात नवीन आलेली, जनावरांची किळस करायची, तिसरा महिना चालू. मी म्हटलं, हात लाव, शीक, गोठ्याच्या घरात पडलीयेस. तिने उघड्या हातांनी ते वासरू, ती वार, सगळं टोपलीत भरलं आणि ओकली. दोन महिन्यांनी तिचं गेलं. मी तिला दोष दिला, हंडा उचललास म्हणून. तिच्या माहेरी सांगितलं, जावेला सांगितलं, मुलाला सांगितलं. परवा डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, त्यांनी विचारलं नसताना. यंत्र खरं निघालं तर हंड्याची गोष्ट मला परत घ्यावी लागणार होती. आणि ती परत घेतली की टोपली पुढे येत होती.

मला ते नको होतं. तरी सुनेचं पोट रोज दिसत होतं.

चौथ्या दिवशी मी चार बाटल्या घेतल्या. औषधाच्या जुन्या, उकळून वाळवलेल्या. पहिलीत तांबडीचं दूध भरलं आणि गळ्याला दोरा बांधून एक गाठ मारली. दुसरीत बांडीचं, दोन गाठी. तिसरी घेऊन जावेकडे गेले. तिची गाय आमच्या गायींबरोबर कधी चरायला गेली नाही, तिच्या पाण्याचा हौदसुद्धा वेगळा.

"कशाला हवंय गं वाटीभर दूध?" जाऊ म्हणाली. "तुमच्याकडे दोन गायी असताना?"

"औषधात घालायला तिसऱ्या घरचं लागतं," मी थाप मारली. तिने लगेच काढून दिलं. खरं सांगितलं असतं तर दिलं नसतं. त्याला तीन गाठी. आणि चौथीत पुन्हा तांबडीचंच, चार गाठी. पहिलीला एक आणि चौथीला दुसरं सांगितलं तर यंत्र थापाडं. सगळ्या चारींना रोग सांगितला तरी थापाडं. कुठल्या गाठीला कोण, हे ह्या जगात मला एकटीला माहीत होतं.

चारी बाटल्या फडक्यात बांधून मी दवाखान्यात गेले. बाई टेबलावर कागद सारून डबा खात होत्या. मला बघून त्यांनी घास खाली ठेवला.

"आता कशाला आलात? विहिरीचं पाणी आणलंत?"

"हसले मी त्या दिवशी," मी म्हटलं. "चुकले."

मी फडकं सोडलं. "ह्या चार आहेत. कुणाचं काय ते सांगणार नाही. तुमच्या यंत्राला विचारा."

बाईंनी एकेक बाटली उचलून गाठी मोजल्या. "हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"कुणी कशाला सुचवायला हवं? बाजारात एका गोणीतलं धान्य दोन दुकानांत नेऊन दाखवतो की आम्ही."

बाईंनी तोंड फिरवलं, हसल्या की काय कळलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, निकाल काहीही येऊ दे, सुनेचं रक्त माणसांच्या दवाखान्यात तपासून घ्या. काकांचंही. त्यासाठी थांबू नका."

पण मी थांबले. सहा दिवस थांबले, कारण मला आशा होती. सुनेला मी दूध उकळून देत होते, तीनतीनदा वर येऊ देत होते, आणि तरी मनात म्हणत होते, यंत्र खोटं निघू दे. रोज धार काढताना बांडी माझा खांदा चाटायची. असल्या जनावराच्या पोटात काय असणार, असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, चाटतीये ते खांद्याला, त्याचा दुधाशी काय संबंध?

सातव्या दिवशी बाई स्वतः आल्या, घराकडे नाही, बांधाकडे. मी गवत कापत होते. त्यांनी एक चिठ्ठी दिली. आपल्याच हाताने गाठी काढल्या होत्या कागदावर, ठिपक्यांसारख्या. एक ठिपका, रोग. दोन ठिपके, रोग. तीन ठिपके, नाही. चार ठिपके, रोग.

मी खाली बसले. विळा बाजूला ठेवायचाही राहिला, तो हातातच.

"बरोबर आलं का?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरीसारख्या त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बरोबर आलं," मी म्हटलं.

"मग त्या दिवशीचं दूध?"

"दोन गाठींचं. सून पीत होती. कच्चं."

बाई माझ्या शेजारी बांधावर टेकल्या.

"बाई, आणि आधीचं जे गेलं तिचं," मी विचारलं, "ते ह्यानेच का? वासरू तिनेच उचललं होतं. मी उचलायला लावलं."

"असू शकतं," बाई म्हणाल्या. "नक्की आता कुणीच सांगू शकणार नाही, मावशी."

मला त्यांचा राग आला. हो म्हणाल्या असत्या तर मी रडले असते, नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते.

घरी आले आणि ह्यांना चिठ्ठी दाखवली. गाठींचं सगळं समजावलं, दोनदा समजावलं. हे घोंगडीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "तू तिला सांगितलं असशील कुठली कुणाची."

"नाही सांगितलं."

"मग तुझ्या तोंडावरून ओळखलं तिने. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

"बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. माझं तोंड नव्हतं गेलं."

"जावेच्या गायीला तेवढा रोग नाही, ह्यातच आलं सगळं," हे म्हणाले. "त्यांचं आपल्याशी वाकडं आहे."

ज्या यंत्राला भावकी माहीत, त्याच्याशी भांडायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "उद्या मी सुनेला घेऊन दवाखान्यात चाललेय. तुम्हीही चला. चार महिने झाले तुमच्या तापाला."

"मला ताप नाही."

मी पुढे होऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला. त्यांनी माझा हात बाजूला केला. "उन्हातून आलीस तू, तुझाच हात गरम आहे," म्हणाले.

आता मला सांगा, त्या क्षणी मी खरोखर स्वतःचा हात स्वतःच्या गालाला लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी आणि सून गेलो. पायी फाट्यापर्यंत, मग गाडीने. सुनेला मी एवढंच सांगितलं होतं की गायींना रोग आहे, तुझं रक्त बघायचंय. तिने जास्त विचारलं नाही. ती कधीच जास्त विचारत नाही, मला वाटायचं तिला कळत नाही.

दवाखान्याची खोली लांबट, भिंतीला लागून लाकडी बाक, वर पंखा कुरकुरत होता. आधी डॉक्टरांनी पोट तपासलं. बाळाचे ठोके मलाही ऐकवले. चांगले आहेत म्हणाले, पण रक्तात रोग निघाला तर गोळ्या बरेच दिवस घ्याव्या लागतील, पुढचं पुढे बघू. मग रक्त काढलं. सून कापसाचा बोळा दंडाशी दाबून बाकावर बसली आणि नर्स मोठी वही घेऊन समोर आली.

"हे कितवं?"

"दुसरं," मी म्हटलं.

"पहिलं?"

"पाचव्या महिन्यात गेलं."

"कशाने?" नर्सने वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

दीड वर्ष हा प्रश्न कुणी विचारायची खोटी, माझ्या तोंडातून उत्तर निघायचं. आताही ते जिभेवर आलं. भरला हंडा, विहिरीच्या पायऱ्या, कुणाला न सांगता. मला तो हंडा अजून दिसतो. काठोकाठ भरलेला, पायरीवर पाणी सांडलेलं, तिच्या साडीचा काठ ओला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "गाईने टाकलेलं वासरू हिने हाताने उचललं होतं. मी सांगितलं म्हणून. त्याने असेल. नक्की माहीत नाही."

नर्सने लिहून घेतलं. सून माझ्याकडे बघत होती. इतकी सरळ तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"हंडा रिकामा होता, आई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वेळ विचारल्यावर सांगावी तसा. "मी पाणी भरायला खाली चालले होते. पायऱ्या उतरत होते. पोटात दुखायला लागलं म्हणून तशीच परत फिरले. मी त्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. दोनदा सांगितलं."

"पण पायरीवर पाणी होतं," मी म्हटलं.

"ते पाणी नव्हतं," सून म्हणाली.

नर्सने पुढचं पान उलटलं आणि वय विचारलं. सुनेने सांगितलं. मी बाकावर बसून राहिले आणि ती पायरी आठवून बघू लागले. ओली होती, हे मला नक्की आठवत होतं. तिच्यावर काय होतं, ते मी वाकून बघितलंच नव्हतं.